पाणबुडीचे मॉडेल: बुडवणे सोपे, खोली राखणे कठीण

रेडिओवर चालणारी पाणबुडी बांधायला घेणाऱ्याला पहिली काळजी वाटते ती पाणी आत शिरण्याची. ती रास्त आहे, पण तिच्यावरचे इलाज ठरलेले आहेत: गोल नळी, दोन झाकणे, ओ-रिंगा (सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्या). खरी अडचण त्यानंतर सुरू होते. घनफळ आणि वजन यांचा हिशेब दहावीस ग्रॅमने चुकला, तर मॉडेल एक तर पृष्ठभाग सोडत नाही किंवा थेट तळ गाठते. मधल्या पाण्यात ते आपोआप स्थिर राहील अशी खोलीच नसते. जहाज थोडे खाली दबले की जास्त पाणी बाजूला सारते आणि पुन्हा वर उचलले जाते. पूर्ण बुडालेल्या पाणबुडीला हा आधार मिळत नाही. उलट खोली वाढली की आत अडकलेली हवा आणि मऊ फोम आकसतात, घनफळ घटते आणि बुडणे आणखी वेग घेते.

हिशेबासाठी दुसऱ्या महायुद्धातली जर्मन टाइप ७-सी पाणबुडी घेऊ. लांबी ६७.१ मीटर. पृष्ठभागावर तरंगताना विस्थापन (बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन) ७६९ टन, पाण्याखाली ८७१ टन. १:७२ प्रमाणात लांबी ९३ सेंटिमीटर होते. वजनाला मात्र ७२च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ने भागावे लागते. उत्तरे येतात सुमारे २.०६ आणि २.३३ किलो. फरक साधारण २७० ग्रॅमचा. एवढे पाणी आत घेतले की मॉडेल खाली जाते, बाहेर टाकले की वर येते.

प्रत्यक्ष मॉडेलमध्ये हा आकडा बदलतो आणि इथेच नवखे लोक फसतात. मॉडेलचे बाहेरचे कवच पाणबंद नसते, त्यात पाणी मोकळेपणाने शिरते. कोरडी असते ती फक्त आतली नळी. त्यामुळे बॅलास्ट टाकीचे (बुडण्यासाठी पाणी घेणाऱ्या टाकीचे) घनफळ काढताना जलरेषेच्या, म्हणजे तरंगताना पाणी जिथवर येते त्या रेषेच्या, वरची सगळी पोकळी धरायची नाही. धरायचे ते तिथल्या घन पदार्थाचे घनफळ: कवचाची जाडी, डेक, मनोरा, फोम आणि नळीचा पाण्याबाहेर डोकावणारा भाग. जलरेषेवर २ मिलिमीटर जाड आणि १००० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचे प्लास्टिक असेल, तर त्याचे २०० घनसेंटिमीटर झाले. म्हणून जलरेषेवरचे कवच आतून घासून पातळ करणे हे वेळ खाणारे, पण सर्वांत फायद्याचे काम आहे. कवचातली हवा बाहेर पडायला डेकच्या सर्वांत उंच जागी आणि मनोऱ्याच्या माथ्याशी भोके हवीतच. कोपऱ्यात २० घनसेंटिमीटरचा बुडबुडा अडकला, तर मॉडेल २० ग्रॅमने हलके होते. पुढच्या वळणावर तो निसटला, की तेवढ्यानेच जड.

कोरड्या नळीसाठी पारदर्शक पॉलिकार्बोनेट उत्तम, कारण आतला पाण्याचा थेंबही दिसतो. अ‍ॅक्रिलिक चालते, पण ठिसूळ असते. ती अल्कोहोलने पुसू नये, बारीक तडे जातात. खोलीचा दाब दर मीटरला चौरस सेंटिमीटरमागे साधारण ०.१ किलो. ८ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर ३ मीटर खोलीत सुमारे १५ किलोचा भार येतो. नळी तो सहज पेलते, गळती होते ती सांध्यांतून. ३ मिलिमीटर जाडीची ओ-रिंग बसवताना खाचेचा तळ आणि नळीची भिंत यांत सुमारे २.४ मिलिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे ती पाचव्या हिश्शाने दाबली जाते. ओ-रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. ओ-रिंग स्वतःच सिलिकॉन रबराची असेल तर हे ग्रीस टाळावे, ती फुगते. तिच्यावर एक केस राहिला तरी पाणी झिरपते.

झाकण आत ढकलताना आतली हवा दाबली जाते आणि झाकण पुन्हा बाहेर येऊ पाहते. त्यासाठी झाकणात मोटारीच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह बसवतात. झाकण बसवताना तो दाबून धरायचा. त्यातूनच चाचणीसाठी ०.२ बार हवा भरता येते. नळी पाण्यात धरून बुडबुडे कुठून येतात ते पाहावे. एक बारकावा असा, की प्रोपेलरच्या दांड्यावरचे ओठवाले सील एकाच दिशेने दाब अडवते. ओठ पाण्याकडे करून ते बरोबर बसवले असेल, तरी आतून दाब दिल्यावर बुडबुडे सोडू शकते. म्हणून दुसरी चाचणी बाहेरून करायची: आत टिश्यू पेपर ठेवून नळी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी. सर्व्होपासून (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरपासून) सुकाणूकडे जाणाऱ्या सळया गुळगुळीत स्टेनलेस स्टीलच्या आणि सीलमधून अगदी सरळ रेषेत जाणाऱ्या असाव्यात. तिरका ताण आला की सील एका बाजूने झिजते आणि तिथून पाणी येते.

टाकी भरण्याच्या पद्धती अनेक आहेत. आमची पसंती दट्ट्याच्या टाकीला. आटे असलेली सळई मोटरने फिरते, दट्ट्या मागे सरकतो आणि पाणी आत ओढले जाते. पाणी हवे तेवढेच घेता येते आणि दट्ट्याच्या पुढे हवा नसल्याने ते टाकीत हिंदकळत नाही. बंद नळीत मात्र दट्ट्यामागची हवा दबते. नळीत १३५० घनसेंटिमीटर मोकळी हवा असेल आणि २७० घनसेंटिमीटर पाणी घेतले, तर आतला दाब सव्वापट होतो. हे ठीक आहे. मोकळी हवा ५४० घनसेंटिमीटरच असेल, तर दाब दुप्पट होतो, मोटर अडखळते आणि झाकणे निसटू पाहतात. दट्ट्याच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच (टोक गाठताच मोटर थांबवणारे) लावलेच पाहिजेत. दुसऱ्या पद्धतीत कवचातल्या रबरी फुग्यात नळीतलीच हवा पंपाने भरतात आणि बुडताना ती नळीत परत सोडतात. बांधायला ती सोपी, पण फुगा अर्धवट भरलेला असताना खोलीबरोबर आकसतो, म्हणून तो पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामाच ठेवावा. द्रवरूप वायूच्या डब्यावर चालणारी टाकी झटकन वर आणते, पण डबा संपेपर्यंतच.

रेडिओ निवडताना बाजारात सर्रास मिळणारा २.४ गिगाहर्ट्‌झचा संच उपयोगाचा नाही. पाणी या लहरी शोषून घेते, मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो. काही सेंटिमीटर खोलीतच संपर्क तुटतो. २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्‌झचे संच लागतात. कोणता वापरता येईल ते त्या त्या देशाच्या नियमांवर ठरते. गोड्या पाण्यात ते काही मीटर खोलवर पोचतात. समुद्रात नाही: खारे पाणी वीज वाहते, त्यामुळे ४० मेगाहर्ट्‌झची लहर दर ४ सेंटिमीटरला सुमारे ३७ टक्क्यांवर येते. अँटेनाची तार कवचात, पाण्यातच पसरावी, पण तिचे टोक गोंदाने पक्के बंद करावे. उघडे तांबे पाण्याला लागले की पल्ला घटतो. कार्बन फायबरचे कवच तर लहरींना अडवतेच. मोटरचा विद्युत गोंगाट दाबायला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर जोडावे: एक दोन टोकांमध्ये, उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या कवचाला.

आता तोल साधायचा. बॅटरी आणि शिसे तळाशी, फोम वर, म्हणजे गुरुत्वमध्य हा प्लावक बलाच्या (पाण्याच्या वर उचलणाऱ्या बलाच्या) केंद्राखाली येतो. या दोन बिंदूंत फक्त १ सेंटिमीटर अंतर असेल, तर २.३३ किलोच्या बुडालेल्या मॉडेलमध्ये १० ग्रॅम वजन ४० सेंटिमीटर पुढे सरकले तरी नाक जवळपास १० अंश खाली झुकते. म्हणून आतली प्रत्येक वस्तू पट्टीने बांधलेली हवी.

फोम बारीक बंद पेशींचा आणि कडक घ्यावा. टाकी रिकामी ठेवून मॉडेल पाण्यात सोडावे आणि जलरेषेच्या खाली फोम किंवा शिसे लावत ते रेषेवर आणावे. मग टाकी भरावी. आता मॉडेल बुडत असेल तर फोम जलरेषेच्या वरच लावायचा, कारण पृष्ठभागावर असताना तो हवेत राहतो आणि आधी साधलेला तोल बिघडवत नाही. मनोऱ्याचे टोक जेमतेम पाण्याबाहेर राहिले की थांबावे. हा क्रम उलटा केला तर दोन्ही स्थितींत पुन्हा पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागतात.

उरलेले काम आडव्या पंखांचे, जे चालत्या मॉडेलला वर किंवा खाली वळवतात. मूळ पाणबुडीचा पाण्याखालचा वेग ७.६ नॉट होता. मॉडेलसाठी त्याला ७२च्या वर्गमुळाने भागले की सेकंदाला सुमारे ४६ सेंटिमीटर येतात. पंखांचे बल वेगाच्या वर्गानुसार बदलते, म्हणून इतक्या संथ चालीत प्रमाणाबरहुकूम केलेले पंख अपुरे पडतात. त्यांना पारदर्शक प्लास्टिकची पट्टी जोडून मोठे करणे गैर नाही. वेग वाढला की वेगळाच प्रश्न येतो: लांबट अंगावरचा प्रवाह नाकाचा झुकाव वाढवू पाहतो आणि मॉडेल वरखाली हेलकावत जाते. झुकाव मोजणारे जायरोचे यंत्र मागच्या पंखांना जोडले की हे थांबते. त्याची दिशा जमिनीवरच तपासावी. हाताने नाक वर केले, की मागच्या पंखांची मागची कड खाली गेली पाहिजे. उलटे झाले तर पहिल्याच फेरीत मॉडेल तळात घुसेल.

संदेश तुटला किंवा बॅटरी उतरली की टाकी आपोआप रिकामी होईल, अशी सोय ठेवल्याशिवाय पाण्यात उतरू नये. ट्रान्समीटर बंद करून ती काठावर पाहावी. पहिल्या बुड्या तळ दिसेल अशा स्वच्छ, दोन मीटरच्या आतल्या पाण्यात, मॉडेलला मासेमारीच्या दोरीने तरंगता गोळा बांधून घ्याव्यात. शिसे-आम्ल (लेड-अ‍ॅसिड) बॅटरी नळी बंद ठेवून कधीही चार्ज करू नये. तिच्यातून निघणारा हायड्रोजन कोंडला की स्फोट होतो.

तोल एकदा साधला म्हणून कायम राहत नाही. १५ अंश सेल्सिअसचे पाणी ३० अंशांवर गेले की त्याची घनता सुमारे ०.३४ टक्क्याने घटते. याच मॉडेलला ते ८ ग्रॅम जड पडते, म्हणजे सकाळी नीट चालणारे मॉडेल दुपारी बुडू शकते. डेकखाली हाताने काढता-घालता येतील असे फोमचे छोटे तुकडे ठेवावेत आणि प्रत्येक वेळी आधी टाकी भरून मनोऱ्याचे टोक किती बाहेर राहते ते पाहावे.