वजा एक ४०९६पेक्षा मोठा कधी होतो?

"वॉर्निंगच आहे, एरर नाही ना? मग चालू दे!" इंजिनिअरिंगला सी शिकताना लॅबमध्ये हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा. (कोड यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर एररवर अडतो, वॉर्निंग देऊन मात्र पुढे जातो.) उत्तर बरोबर आलं, जर्नलवर सही झाली, विषय संपला. नोकरीतही ही सवय सुटत नाही, आणि कोड चाचणीचा असेल तर विचारायलाच नको. तो ग्राहकाकडे जात नाही, मग त्यातल्या वॉर्निंग बघतो कोण?

मला हे उलटं वाटतं. मुख्य कोडमधली वॉर्निंग एकवेळ राहिली तरी तिथली चूक पकडायला चाचण्या असतात. चाचणीतली चूक पकडायला कोण आहे?

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबरोबर, म्हणजे कर्नलबरोबरच, 'सेल्फटेस्ट' नावाचा चाचण्यांचा मोठा साठा येतो. त्यातल्या बऱ्याचशा चाचण्या म्हणजे साधे सी प्रोग्राम. नवा कर्नल बूट करायचा, ते चालवायचे आणि 'ओके' की 'नॉट ओके' ते बघायचं. समजा, त्यातली एक चाचणी फाइलमधून ४०९६ बाइट वाचते. वाचायचं काम 'रीड' करतं आणि किती बाइट मिळाले ते सांगतं. काही बिघडलं तर −१ देतं. लिहिणाऱ्याने सरळ अट घातली: मिळालेले बाइट बफरच्या (वाचलेलं ठेवायच्या ४०९६ बाइटच्या जागेच्या) आकारापेक्षा कमी असतील तर नापास. वजा एक ४०९६पेक्षा कमीच, त्यामुळे बिघाड आपोआप पकडला जायला हवा. तो पकडला जात नाही.

कारण 'रीड'चं उत्तर साइन्ड असतं, म्हणजे ते ऋण असू शकतं. बफरचा आकार सांगणारं 'साइझऑफ' मात्र अनसाइन्ड संख्या देतं, ती कधीच ऋण नसते. आता −१ संगणकात कसा ठेवतात ते बघू. −१ म्हणजे अशी संख्या, जिच्यात १ मिळवला की शून्य येतं. आठ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या आठ घरांत, ती ११११११११ अशी असते. तिच्यात १ मिळवून बघा. शेवटच्या घरात एक आणि एक, शून्य लिहा, हातचा एक. पुढच्या घरात पुन्हा तेच. हातचा सरकत सरकत आठही घरं ओलांडतो, आणि नववं घर नसल्यामुळे गळून जातो. मागे उरतात आठ शून्यं! मला ही युक्ती फार आवडते, कारण बेरीज करणारं सर्किटच वजाबाकीही करून टाकतं. पण हेच आठ एक अनसाइन्ड म्हणून वाचले तर ते होतात २५५. आणि ६४ बिटांत −१ असाच वाचला तर तो होतो १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

सी भाषेचा नियम असा, की सारख्या रुंदीची साइन्ड आणि अनसाइन्ड संख्या समोरासमोर आली तर आधी साइन्डला अनसाइन्ड करून घ्यायचं. (आठ-सोळा बिटांचे प्रकार आधी 'इंट' या सीच्या नेहमीच्या पूर्णांक प्रकारात बढती घेतात, तिथे −१ हा −१च राहतो. ३२ बिटांच्या अनसाइन्डसमोर ६४ बिटांचा साइन्ड आला, तरीही तो सुखरूप असतो.) आपल्या चाचणीत दोघेही ६४ बिटांचे. ती वीस अंकी संख्या ४०९६पेक्षा कमी आहे का? नाही. अट खोटी ठरली, चाचणी पुढे सरकली आणि 'ओके' छापून मोकळी झाली. फाइलमधून एक बाइटही वाचला गेलेला नाही!

जीसीसी हा कंपायलर याबद्दल सांगतो, पण विचारलं तर. सी भाषेसाठी 'डब्ल्यू-ऑल' हा नेहमीचा पर्याय ही वॉर्निंग देत नाही, 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' लावावा लागतो. वॉर्निंग दिसल्यावर खरी परीक्षा सुरू होते. 'रीड'च्या उत्तराला अनसाइन्डचा कास्ट लावला, म्हणजे 'हे अनसाइन्ड समज' असं सांगितलं, की कंपायलर गप्प बसतो आणि चूक जशीच्या तशी राहते. नुसतं "वॉर्निंग घालव" एवढंच मागितलं, तर माणूस असो की सध्याचं लाडकं एआय, सगळ्यात स्वस्त रस्ता हाच. दसऱ्याला लॅपटॉपला हार घालायला माझी हरकत नाही, पण कास्ट मंत्रासारखा म्हणू नये. बरोबर दुरुस्ती म्हणजे कास्ट 'साइझऑफ'ला, साइन्डचा. किंवा उत्तर ऋण आहे का हे आधी वेगळं तपासायचं.

तक्रार गप्प करण्याची किंमत डेबियन या लिनक्सच्या वितरणाने मोजलेली आहे. २००६मध्ये तिथल्या ओपनएसएसएल या सांकेतिक सुरक्षेच्या लायब्ररीमधून एक-दोन ओळी काढल्या गेल्या, कारण व्हॅलग्रिंड हे तपासणीचं साधन तिथे तक्रार करत होतं. त्यातली एक ओळ यादृच्छिकता मिसळण्याचं खरं काम करत होती. ती गेल्यावर गुप्त किल्ली बनवताना बदलणारी गोष्ट उरली ती जवळजवळ फक्त प्रोसेस क्रमांक, म्हणजे चालू प्रोग्रामला मिळणारा नंबर. म्हणजे एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्ल्या जेमतेम ३२-३३ हजार. हे उघडकीला आलं मे २००८मध्ये.

उलट टोकही आहे. सप्टेंबर २०२१मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी कर्नलच्या बिल्डमध्ये (कोडपासून कर्नल बनवताना) प्रत्येक वॉर्निंगला एरर मानायचं ठरवलं. इतक्या ठिकाणी बिल्ड अडले, की काही दिवसांतच तो नियम मुख्यतः कंपाइल-तपासणीच्या बिल्डपुरता ठेवावा लागला.

चाचणीतली वॉर्निंग काढल्यावर मी 'ओके' बघून थांबत नाही. वाचण्याआधी ती फाइल मुद्दाम बंद करतो, म्हणजे 'रीड' −१च देणार, आणि चाचणी पुन्हा चालवतो. 'नॉट ओके' आलं, तर दुरुस्ती झाली.