घराची झडती झाल्यावर पोलिसांनी तुम्हाला काय द्यायचं असतं आणि जप्त वस्तू परत कशी मागायची

झडती संपते तेव्हा घरातले सगळे इतके हादरलेले असतात की पोलीस सांगतील तिथे सही करून मोकळे होतात, आणि नेमकी तीच वेळ महत्त्वाची असते. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस लागू झालीय, म्हणून खाली सगळे नवे कलम नंबर दिलेत.

सगळ्यात आधी जप्तीची यादी. कलम १०३ नुसार कमीत कमी दोन स्वतंत्र पंचांसमोर झडती घ्यायची, काय घेतलं आणि ते घरात कुठे सापडलं याची यादी करायची आणि त्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या. झडती चालू असताना तिथे हजर राहायचा हक्क घरात राहणाऱ्याला आहे आणि सह्या झालेल्या यादीची कॉपी त्याला द्यावीच लागते, त्यामुळे "नंतर स्टेशनला येऊन घेऊन जा" म्हणाले तरी तिथेच मागा. यादीत नुसतं "एक मोबाईल" किंवा "काही कागदपत्रं" असं लिहिलं असेल तर लगेच बोला, मॉडेल, आयएमईआय नंबर (प्रत्येक मोबाईलचा वेगळा ओळख क्रमांक), दागिन्याचं वजन, किती रुपयांच्या किती नोटा हे सगळं लिहून घ्या, कारण पुढे कोर्टात वस्तू तुमचीच आहे हे याच कागदावरून जुळवायचं असतं. कोऱ्या कागदावर सही अजिबात करू नका.

दुसरं म्हणजे व्हिडिओ. कलम १०५ नुसार झडती, यादी बनवणं, पंचांच्या सह्या हे सगळं शूट करायचं, मोबाईलवर केलं तरी चालतं, आणि ते रेकॉर्डिंग उशीर न करता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं.

वॉरंट नसताना तपासात झडती घेतली असेल तर कलम १८५ बघा. झडती का गरजेची होती हे अधिकाऱ्याने आधी लेखी नोंदवायचं असतं आणि त्या नोंदीची कॉपी ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे. ती कॉपी तुम्हालाही मिळते, घरमालक असा किंवा तिथे राहणारे भाडेकरू, मॅजिस्ट्रेटकडे साधा अर्ज करायचा, फुकट मिळते. हे फार कमी लोक मागतात, जरूर मागा.

आता वस्तू परत मिळवायचं. पोलिसांनी जप्तीचा रिपोर्ट मॅजिस्ट्रेटला लगेच द्यायचा असतो (कलम १०६). वस्तू कोर्टात हजर केली नसेल तर अर्ज कलम ५०३ खाली आणि हजर केली असेल तर ४९७ खाली. ४९७ मध्ये आता मुदत आहे, वस्तू हजर झाल्यापासून १४ दिवसांत कोर्टाने तिचं वर्णन लिहून घ्यायचं, फोटो किंवा व्हिडिओ काढून घ्यायचा, आणि त्यानंतर ३० दिवसांत वस्तूचं काय करायचं याची ऑर्डर द्यायची. अर्ज ज्याचा वस्तूवर हक्क आहे तो करू शकतो, तो आरोपी असलाच पाहिजे असं नाही, म्हणजे भावाच्या केसमध्ये तुमचा लॅपटॉप गेला असेल तर तुम्ही स्वतः अर्ज करा.

सोबत जप्ती यादीची कॉपी, एफआयआरची कॉपी, ओळखपत्र आणि मालकीचा पुरावा लावा, गाडी असेल तर आरसी आणि इन्शुरन्स, मोबाईलला बिल किंवा आयएमईआय असलेला बॉक्स. अर्जावर कोर्ट पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं, मग ऑर्डर झाली की बाँड (लेखी हमी) देऊन वस्तू सुपूर्तनाम्यावर, म्हणजे केस संपेपर्यंत सांभाळायला, मिळते, विकायची नाही, बदल करायचा नाही, बोलावलं की हजर करायची अशा अटींवर. मुद्देमाल विनाकारण स्टेशनात पडून ठेवू नका असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई केसमध्ये सांगितलंय, अर्जात त्याचा उल्लेख करा.

एक मात्र लक्षात घ्या, झडतीत चूक झाली म्हणून मिळालेला पुरावा आपोआप बाद होत नाही, केस संपली समजून गप्प बसू नका. यादीची कॉपी दिलीच नाही तर स्टेशनला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तरी मिळाली नाही तर तो पोच लावून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा.