बाल लैंगिक अत्याचार आणि खासगी सूड : कुटुंबांवर होणारे परिणाम

अठरा वर्षांखालील मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक हेतूने वापर करणे म्हणजे बाल लैंगिक अत्याचार होय. अशा अत्याचाराच्या संशयावरून, आरोपावरून किंवा तो सिद्ध झाल्यावरही पालकांनी, नातेवाइकांनी अथवा जमावाने कायदा हातात घेऊन आरोपीला मारहाण करणे, त्याच्या घरावर हल्ला करणे किंवा त्याचा जीव घेणे, याला येथे खासगी सूड म्हटले आहे. या सुडाची चर्चा बहुधा मारणारा आणि मेलेला या दोघांभोवती फिरते. मागे उरलेल्या घरांकडे, आणि विशेषतः ज्याच्या नावाने सूड घेतला गेला त्या मुलाकडे, त्या मानाने फारच कमी पाहिले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दर ५ स्त्रियांपैकी १ स्त्री आणि दर ७ पुरुषांपैकी १ पुरुष लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगतो. अत्याचार करणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो. तो नातेवाईक, शेजारी, शिक्षक, प्रशिक्षक किंवा घरात विश्वासाने वावरणारा माणूस असतो. म्हणूनच पीडिताचे घर आणि आरोपीचे घर ही पुष्कळदा दोन वेगळी घरे नसतात. आरोपी मामा, काका, आजोबा किंवा सावत्र वडील असला की त्याच्यावर उगारलेला हात त्याच कुटुंबावर पडतो, आणि मुलाला एकाच वेळी अत्याचाराची भीती आणि अत्याचार करणाऱ्याविषयीची जुनी माया या दोन्ही गोष्टी सोसाव्या लागतात.

मूल अनेकदा महिनोन्‌महिने, कधी अनेक वर्षे गप्प राहते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रोलँड समिट यांनी १९८३ मध्ये या गप्प राहण्याचे जे वर्णन केले, त्यात गुप्तता, असहायता, परिस्थितीशी जुळवून घेणे, उशिरा आणि अडखळत सांगणे आणि शेवटी सांगितलेले मागे घेणे, असे टप्पे येतात. अत्याचार करणारा मुलाला गप्प ठेवण्यासाठी जी भीती घालतो, तिच्यात ‘तू सांगितलेस तर घर मोडेल, तुझे बाबा तुरुंगात जातील’ ही धमकी नेहमीची आहे. संतापाच्या भरात वडिलांनी खरोखरच कोणाला मारले आणि त्यांना अटक झाली, तर ती धमकी मुलाच्या डोळ्यांसमोर खरी ठरते. आपण बोललो म्हणून हे घडले, हा अपराधभाव मग मूळ अत्याचाराच्या जखमेवर येऊन बसतो. सुडाचा सर्वांत मोठा तोटा हाच आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्यांना तो सहसा दिसत नाही.

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात बॅटन रूज येथे मार्च १९८४ मध्ये एका वडिलांनी, आपल्या मुलाचे अपहरण करून त्याच्यावर अत्याचार केलेल्या कराटे प्रशिक्षकाला विमानतळावर पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी घातली. हा प्रसंग दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात टिपला गेला. न्यायालयाने वडिलांना सात वर्षांची स्थगित शिक्षा, पाच वर्षांची परिविक्षा (तुरुंगाबाहेर, पण देखरेखीखाली राहण्याची मुदत) आणि समाजसेवेचे तास दिले. प्रत्यक्ष तुरुंगवास झाला नाही. लोकांची सहानुभूती वडिलांच्या बाजूने होती, आणि ती समजण्यासारखीही आहे. मात्र त्या मुलाने मोठेपणी जाहीरपणे सांगितले, की त्याला तो माणूस मरायला नको होता, फक्त अत्याचार थांबायला हवा होता, आणि वडिलांवर त्याचा रागही होता. मुलाला काय हवे आहे, हे त्या क्षणी कोणी विचारले नव्हते.

आरोपी मेला की त्याच्यावरचा फौजदारी खटला संपुष्टात येतो. मुलाने जे सांगितले ते खरे होते, असे न्यायालयाने नोंदवण्याची संधी त्याबरोबरच जाते. त्याच माणसाने आणखी किती मुलांना त्रास दिला, हा तपासही बहुधा तिथेच थांबतो. उलट मुलाला आता खुनाच्या खटल्याच्या छायेत वाढावे लागते, आणि ओळख गुप्त ठेवण्याचे कायदेशीर संरक्षण असूनही सुडाच्या बातमीतून त्याचे घर सगळ्यांना ठाऊक होते. वडील तुरुंगात गेले तर कमावता माणूस जातो, वकिलाचा खर्च येतो, आणि आईच्या वाट्याला एकाच वेळी मुलाचे उपचार आणि नवऱ्याच्या तारखा येतात.

संशयावरून झालेले हल्ले तर निरपराधांनाही सोडत नाहीत. इंग्लंडमध्ये २००० साली एका आठ वर्षांच्या मुलीच्या खुनानंतर एका वृत्तपत्राने बाल लैंगिक गुन्हेगारांची नावे आणि छायाचित्रे छापली, तेव्हा पोर्ट्‌समथमधील पॉल्सग्रोव्ह वसाहतीत अनेक रात्री दंगल झाली आणि त्या गुन्ह्यांशी काहीही संबंध नसलेल्या कुटुंबांनाही घरे सोडावी लागली. २०१३ मध्ये ब्रिस्टल येथे शेजाऱ्यांनी खोटा संशय घेतलेल्या एका अपंग माणसाला ठार करून जाळण्यात आले. अमेरिकेतील मेन राज्यात २००६ साली एका तरुणाने लैंगिक गुन्हेगारांच्या सार्वजनिक यादीतून पत्ते शोधून दोघांना त्यांच्या घरी जाऊन मारले. त्यांतील एकाचा गुन्हा, तो स्वतः एकोणीस वर्षांचा असताना सोळा वर्षांच्या आतल्या प्रेयसीशी ठेवलेल्या संबंधांचा होता.

आरोपीची पत्नी, आईवडील आणि मुले यांनी गुन्हा केलेला नसतो; कित्येकदा त्यांना त्याचा पत्ताही नसतो, आणि कधी आरोपीची स्वतःची मुलेच त्याची पीडित असतात. तरीही दगड त्यांच्याच खिडकीवर येतात, शाळेत त्यांनाच हिणवले जाते, आणि गाव किंवा आडनाव बदलण्याची वेळही त्यांच्यावरच येते. अशी भीती असली की घरातले लोक पोलिसांकडे जाण्याऐवजी प्रकरण दडपतात, आणि अत्याचार चालू राहतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३४ वे कलम मुलांना लैंगिक शोषणापासून संरक्षण देण्याचे, तर ३९ वे कलम पीडित मुलाला शारीरिक आणि मानसिकदृष्ट्या सावरण्यासाठी मदत करण्याचे बंधन राज्यसंस्थेवर घालते. प्रत्यक्षात या सावरण्यात पालकांच्या रागाची दखल घेणे हे मोठे काम असते. समुपदेशक पालकांचा राग नाकारत नाहीत. पण मुलासमोर मारण्याची भाषा करू नये, त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये, ‘तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी काही चूक नाही’ एवढेच आधी म्हणावे आणि तक्रार, वैद्यकीय तपासणी व जबाब यांच्या वेळी जवळ राहावे, असे ते पालकांना सांगतात.