पावसाळ्याआधी घरचा लाकडी डेक आणि पडवी नीट करून घ्या

नमस्कार मंडळी, हे पत्रक आमच्याकडून लाकडी डेक, पडवीची फळ्यांची जमीन किंवा कठडा करून घेतलेल्यांसाठी आहे, पण काम दुसऱ्या सुताराचं असलं तरी वाचा.

आपल्या कोकण किनाऱ्यावर चार महिन्यांत ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि वर खारा वारा. नुसतं भिजल्याने चांगलं लाकूड खराब होत नाही, पाणी साचून राहिल्याने होतं. ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशी धरते आणि लाकूड कुजायला लागतं. म्हणून फळ्यांच्या फटीत बसलेला पालापाचोळा पातळ पट्टीने खरवडून काढा, पन्हळ साफ करा आणि डेकखाली रचलेली लाकडं, नारळाची सोडणं, जुनी कौलं हलवा, त्याने वारा अडतो, वाळवी लागते आणि फुरसं (विषारी साप) तिथेच बसतं, तेव्हा हात घालण्याआधी काठीने हलवून बघा आणि पायात बूट असूदेत.

हे सगळं मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरका. जूनची वाट बघू नका, तौक्ते चक्रीवादळ २०२१ मध्ये मेच्या मध्यावरच आलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खालचे वासे, खांबांचे पाय आणि कठड्याचे सांधे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर ते लाकूड गेलं, वरून रंग मारून काही उपयोग नाही. झोपाळा असेल तर कड्या, साखळी आणि तुळईतले हूक बघाच, झिजलेली कडी दिसली तर मुलांना बसू देऊ नका. समुद्राजवळ साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात, बदलताना एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा प्रकार) घ्या, ३०४ पेक्षा महाग पडतात पण खाऱ्या हवेत तेच जास्त टिकतात.

शेवाळ ब्रशने घासा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर लाकडाचे रेषे उपटतात. ब्लीचिंग पावडर वापरलीत तर त्यात टॉयलेट क्लीनर किंवा अ‍ॅसिड अजिबात मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू होतो. नंतर भरपूर पाणी मारा आणि चांगलं ऊन देऊन लाकूड पूर्ण सुकल्यावरच तेल लावा, ओल्यावर लावलेलं आत मुरतच नाही. तेलाचा हात पातळ द्या, उरलेलं पुसून घ्या. आणि जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका हो, ती आपोआप तापून पेट घेतात! पाण्यात भिजवून ठेवा किंवा उघड्यावर सुटी पसरून वाळवा.

ताडपत्री डेकवर अंथरणं हा सगळीकडे होणारा प्रकार, पण खाली ओल कोंडते. त्यापेक्षा बाजूने झडीला आडवी बांधा. बाहेरच्या लाइटची, प्लगची तपासणी वायरमनकडून करून घ्या, आरसीसीबी (वीज गळती झाली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवाच.

कठडा हलतोय असं वाटलं तर टेकू नका, दोरी बांधून जागा बंद करा आणि आम्हाला कळवा. पावसात तात्पुरता आधार देऊन जाऊ, तेलाचं काम मात्र ऑक्टोबरचं ऊन पडल्याशिवाय घेत नाही.