'फॉन्ड': खुळेपणातून आलेली माया

मायेसाठी इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांत 'फॉन्ड' फार सौम्य. मात्र १४व्या शतकातल्या इंग्रजीत 'फॉन' म्हणजे मूर्ख, आणि त्याच्याच कुळातला 'फॉन्ड' म्हणजे खुळचट. शेक्सपिअरचा लिअर राजा आपली मुलगी कॉर्डेलिया हिच्यासमोर स्वतःला 'फूलिश फॉन्ड ओल्ड मॅन' म्हणतो. तिथे 'प्रेमळ म्हातारा' असा अर्थ लावला की ओळ हातची गेली. तो स्वतःला खुळावलेला म्हणतो आहे.

खुळेपणातून प्रेमाकडे जाणारी ही वाट मराठी माणसाला परकी नाही. 'तिला गाण्याचं वेड आहे' म्हणताना आपण तिला वेड्यात काढत नसतो. आधी भान सुटणं, मग भान सुटण्याइतकी आवड, मग नुसती आवड. १६व्या शतकात 'फॉन्ड' असाच प्रेमाच्या अर्थाकडे वळला. भाषाशास्त्रात याला अर्थोत्कर्ष म्हणतात. 'डोट' या क्रियापदाचंही तेच झालं: आज त्याचा अर्थ जीव ओवाळून टाकणं, पण त्याचा भाऊबंद 'डोटेज' अजून म्हातारचळाच्या जवळच राहिला आहे.

जुना अर्थ पुरता पुसलेला नाही. 'फॉन्ड मेमरीज' म्हणजे जपून ठेवाव्याशा वाटणाऱ्या आठवणी. 'फॉन्ड होप' मात्र भाबडी, बहुधा फोल ठरणारी आशा. पुढचं नाम पाहावं: आठवण, निरोप, नजर असेल तर माया; आशा, समजूत असेल तर भाबडेपणा.

वापरताना चूक होते ती ठरलेलीच. 'वाचायला आवडतं' मधला '-आयला' डोक्यात असतो, म्हणून 'फॉन्ड टू रीड' लिहिलं जातं. हवं 'फॉन्ड ऑफ रीडिंग'. 'ऑफ' नंतर नाम, सर्वनाम किंवा '-इंग'वालं रूप. शिवाय ही आवड सहवासाने मुरलेली असते; पहिल्याच घासाला पदार्थ आवडला तर 'लाइक' म्हणावं. प्रेमाची कबुली देणाऱ्याला 'आय अॅम फॉन्ड ऑफ यू' एवढंच उत्तर मिळालं, तर तो बहुतेक वेळा हळुवार नकार असतो.

यातूनच निघालेल्या 'फॉन्डल'बाबत फार जपावं. मूळ अर्थ लाड करणं, पुढे कुरवाळणं, पण आजच्या बातम्यांत तो लैंगिक गैरस्पर्शासाठी येतो. बाळाला कुरवाळलं असं लिहायचं असेल, तर 'कडल' किंवा 'करेस' घ्यावा.