अपुरी झोप आणि भुकेचा बिघडलेला हिशेब

युनिसेफच्या सप्टेंबर २०२५च्या अहवालानुसार जगातील ५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचे प्रमाण ९.४ टक्के, तर कमी वजनाच्या मुलांचे ९.२ टक्के झाले आहे. अशी बातमी आली की आपण वडापाव, वेफर्स आणि शीतपेयांविषयी बोलतो, आणि तीनशे मिलिलिटर कोलात सात-आठ चमचे साखर असते हे पाहता ते योग्यच आहे. मात्र मुलांच्या झोपेकडे आपले अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

भूक पोटात लागते असे आपण म्हणत असलो, तरी तिचा हिशेब मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये चालतो. तेथील आर्क्युएट केंद्रकात चेतापेशींचे दोन गट असतात. एक खाण्याची इच्छा जागवतो, दुसरा ती शमवतो. रिकाम्या जठरातून येणारे घ्रेलिन हे संप्रेरक पहिल्या गटाला चेतवते, तर चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक त्याला दाबून दुसऱ्याला बळ देते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा दहा तासांच्या मुभेच्या तुलनेत लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि गोड, खारट, पिष्टमय पदार्थांची ओढ बळावली. हा प्रयोग लहान होता, प्रौढांवरचा होता आणि पुढील प्रत्येक प्रयोगात संप्रेरकांचे आकडे असेच आले नाहीत. तरीही कमी झोपणारी मुले पुढे लठ्ठ होण्याची शक्यता अधिक असते, हे अनेक देशांतील दीर्घकालीन पाहण्यांत आढळले आहे. लठ्ठपणा जडल्यावर तर रक्तात लेप्टिन भरपूर असूनही मेंदू त्याला दाद देईनासा होतो, म्हणून अशा मुलाला ‘तोंडावर ताबा ठेव’ असे दरडावणे अन्यायाचे आहे.

पाचवीतल्या एखाद्या मुलीचा दिवस पाहा. रात्री दहाला मोबाइल बघत वरणभात, साडेअकराला दिवा बंद, सव्वासहाला व्हॅनचा हॉर्न, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी दुधात बुडवलेली दोन बिस्किटे, आणि मधल्या सुट्टीत वेफर्सचे पाकीट. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी असते; तिला साडेसहासुद्धा मिळत नाहीत.

मुलाचे वजन सांगितले की दृष्ट लागते, या समजुतीने कित्येक घरांत ते मोजलेच जात नाही. दृष्ट लागत नसते. उंचीबरोबर वजनाची नोंद ठेवली, तर वाढ कुठे बिघडते आहे ते वेळेवर कळते. वयात आल्यावर अंग आपोआप झडते, यावरही विसंबू नये.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पाचवीपासूनची मुले मात्र त्यातून वगळली गेली. आणि वयात येताना झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागत असल्याने, लवकर झोपणे नेमके याच मुलांना सर्वांत अवघड जाते.