सुटलेल्या कैद्याला खोली, घरमालकाला करसवलत : मागणीची पार्श्वभूमी

नागपूरचे मध्यवर्ती कारागृह १८६४ सालचे. शिक्षा भोगून त्याच्या फाटकाबाहेर, वर्धा रोडवर आलेला माणूस त्या रात्री झोपणार कुठे, हा प्रश्न सरकारी कागदांत फार थोडा आला. अशा माणसाला खोली भाड्याने देणाऱ्या घरमालकाला करात सूट द्यावी, ही कल्पना नीट कळायची तर तुरुंगसुधारणेइतकाच भाडे कायद्याचा इतिहासही पाहावा लागतो.

सुटकेनंतरच्या मदतीची गरज १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मांडली होती. पुढे तुरुंगसुधारणेवरच्या मुल्ला समितीने (१९८०-८३) आणि २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीनेही ती मांडली. पण प्रत्यक्षात भर राहिला तो कामधंद्यावर. महाराष्ट्रातही महिला व बालविकास विभागाकडून सुटलेल्या कैद्याला मिळते ते छोट्या धंद्यासाठी अर्थसहाय्य. औंध संस्थानाने मात्र १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून कैद्यांना कुटुंबासह राहू दिले. तो प्रयोग मोठाच. पण वसाहत सरकारी होती, त्यात खासगी घरमालकाचा संबंध नव्हता.

विदर्भात घरमालकाशी सरकारचा संबंध आला तो सक्तीतून. सीपी अँड बेरार (मध्य प्रांत व वऱ्हाड) भाडे नियंत्रण आदेश, १९४९ प्रमाणे घर रिकामे होणार असेल तर मालकाने तसे प्रशासनाला कळवायचे आणि ते कोणाला द्यायचे हे प्रशासन ठरवू शकत असे. शासकीय कर्मचारी आणि निर्वासित यांचा त्यात विचार होता. तुरुंगातून सुटलेल्यांचा नव्हता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला आणि हा आदेश इतिहासजमा झाला. आज अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट आणि पोलिस पडताळणी असा मामला असतो. ‘केस होती’ एवढे कळले की नकार येतो, मग माणूस निर्दोष सुटलेला का असेना. हे मला अन्यायाचे वाटते.

सक्ती गेली, आता प्रोत्साहन द्या, हा विचार परदेशातही आधी नोकरीपुरताच होता. अमेरिकेने १९९६ मध्ये अशी करसवलत आणली. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, दोषी ठरल्यापासून किंवा सुटकेपासून वर्षभरात कामावर घेणाऱ्या मालकाला २,४०० डॉलरपर्यंत सूट मिळे. भारतात प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के प्रमाणित वजावट आहे, पण ती भाडेकरू कोणीही असला तरी तेवढीच. २०२० च्या परवडणाऱ्या भाड्याच्या घरांच्या केंद्रीय योजनेत प्रकल्प चालवणाऱ्यांना करसवलत देऊ केली गेली, तीही स्थलांतरित मजूर आणि शहरी गरिबांसाठी. म्हणजे भाड्यावर सूट देण्याचा पायंडा आहे. त्यात या माणसाचे नाव नाही.

नागपुरात मात्र ही सूट प्राप्तिकरात देऊन फारसे साधणार नाही, असे माझे मत आहे. वस्त्यांतल्या कित्येक खोल्या रोख भाड्यावर, कराराविना चालतात. तिथला मालक प्राप्तिकर भरतच नसेल तर सूट कशातून घेणार? घर कर मात्र त्याला भरावाच लागतो, म्हणून सूट त्यातच हवी. शिवाय तुरुंग आणि इमारतींवरील कर हे दोन्ही राज्यघटनेच्या राज्यसूचीतले विषय, म्हणजे दिल्लीकडे पाहत बसायचे कारण नाही. अडचण गोपनीयतेची आहे. सूट मागायची तर भाडेकरूचा भूतकाळ महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्जावर लिहावा लागेल, आणि तो मोहल्लाभर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून भाडेकरू सुटलेला कैदी असल्याचा दाखला परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) थेट कर विभागाला द्यावा आणि घरमालकाच्या पावतीवर फक्त कमी झालेली रक्कम दिसावी.